आपण किती दिलं होतं हे आठवताना होणारी चूक : मोजायची कशी, टाळायची कशी?

कोयनाकाठ

आपण किती दिलं आणि किती राखून ठेवलं याची आठवण आपल्याच बाजूला झुकते, हे अंदाजाने सगळ्यांनाच ठाऊक असतं. पण कोणाची झुकते आणि कधी अजिबात झुकत नाही, हे मोजून दाखवणारं काम २०२० साली 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये आलं. लेखक रायन कार्लसन, मिशेल मारेशाल, बास्टियान औड, अर्न्स्ट फेर आणि मॉली क्रॉकेट. पाच प्रयोग, एकूण ३,१९० माणसं.

पाया डिक्टेटर गेमचा आहे. एकाच्या हातात रक्कम द्यायची. त्यातलं अनोळखी दुसऱ्याला किती द्यायचं हे त्याने एकट्याने ठरवायचं. दुसऱ्याला नकार देता येत नाही, घासाघीस नाही, नंतर उट्टं काढलं जाण्याची भीती नाही. क्रिस्टोफ एंगेल यांनी २०११ साली अशा सव्वाशेहून अधिक शोधनिबंधांचे आकडे एकत्र केले, तेव्हा सरासरी देणं २८ टक्क्यांच्या आसपास निघालं. ३६ टक्के लोक काहीच देत नाहीत, १७ टक्के बरोबर अर्धं देतात.

कार्लसन आणि मंडळींनी पुढचा प्रश्न विचारला: काही वेळाने याच माणसांना 'तुम्ही किती दिलं होतं?' असं विचारलं तर काय होतं? बरोबर आठवलं तर जादा पैसे मिळणार असूनही आठवलेली रक्कम खऱ्या रकमेपेक्षा उदार निघते. मात्र ही चूक मुख्यतः एकाच गटात दिसते: स्वतःला जे न्याय्य वाटतं त्याहून कमी दिलेल्यांत. न्याय्यतेचं हे स्वतःचं माप उंच आहे की खुजं, याने फरक पडत नाही. ४० टक्के न्याय्य मानून २५ देणाऱ्याची आठवण जशी वर सरकते, तशीच २० न्याय्य मानून १० देणाऱ्याची. आणि १० टक्केच न्याय्य मानून १० देणारा माणूस आपले १० टक्के नीट लक्षात ठेवतो. दुसरी महत्त्वाची गोष्ट: किती द्यायचं हे प्रयोगकर्त्यानेच सांगितलं, म्हणजे कमी दिल्याची जबाबदारी स्वतःवर उरली नाही, की ही चूक नाहीशी होते.

एम.ए. मानसशास्त्राच्या गटप्रकल्पात हा प्रयोग चांगला बसतो, पण बहुतेक वेळा तो चुकीच्या पद्धतीने केला जातो. म्हणून धागा काढला आहे. प्रयोगाची रीत, आकडेमोड, आणि घरातल्या किंवा भावंडांतल्या वाटणीत या ज्ञानाचा उपयोग, यावर लिहा. किस्से नकोत ही विनंती. याच विषयावर किस्से पुरावा म्हणून चालत नाहीत, कारण ते आठवणीतूनच येतात.

शाईपेन

पहिली शंका सरळ आहे. माणसाला खरी रक्कम आठवत असेल आणि तो फक्त सांगताना वाढवत असेल, तर त्याला आठवणीतली चूक कसं म्हणायचं? ही तर चारचौघांसमोर लाज राखणं झालं.

कोयनाकाठ

शंका रास्त आहे, आणि बरोबर उत्तराला पैसे ठेवतात ते यासाठीच. वाढवून सांगायला पदरचे पैसे मोजावे लागले, उत्तर निनावी असलं, समोर कोणी नसलं, तर लाज राखण्याचं कारण फारसं उरत नाही. तरीही 'स्वतःच्याच नजरेत चांगलं राहणं' ही किंमत बक्षिसाच्या रकमेहून मोठी असू शकते.

इथे फ्लोरियन झिमरमन यांचं २०२० सालचं काम जोडून वाचावं. तिथे विषय दातृत्वाचा नाही, बुद्धिमापन चाचणीच्या निकालाचा आहे. चांगल्या निकालाचा स्वतःविषयीच्या मतावरचा परिणाम महिन्याभरानेही टिकतो, वाईट निकालाचा विरतो. पण अचूकतेला पैसे ठेवले की ही एकतर्फी विस्मृती कमी होते. म्हणजे ती माहिती पुसली गेलेली नसते. ती शोधायला मन आळस करतं, आणि ठराविक दिशेलाच करतं. 'खोटं' आणि 'विसरलं' या दोन टोकांमध्ये ही जागा आहे. प्रयोगात या दोन टोकांना पूर्ण वेगळं करता येत नाही, हे निष्कर्ष लिहिताना मान्य करावं.

वजाबाकी

आकडेमोडीत इथे एक मोठा खड्डा आहे, त्यावर सविस्तर लिहितो.

समजा एका माणसाने २ टक्के दिले. त्याच्या मनात स्वतःला चांगलं ठरवण्याची इच्छा शून्य आहे, फक्त आठवण थोडी धूसर आहे. चूक −१०, −५, ०, +५, +१० यांपैकी कुठलीही, सारख्याच शक्यतेने. पण शून्याच्या खाली कोणी आठवू शकत नाही. म्हणून उत्तरं येतील ०, ०, २, ७, १२. सरासरी ४.२. खरं देणं २. म्हणजे हेतू नसताना सरासरी चूक +२.२ निघाली! कमी देणारे तळाला चिकटलेले असतात, त्यांच्या आठवणीला वर सरकण्याखेरीज जागाच नसते. भोळेपणाने सरासरी काढणारा प्रत्येक विद्यार्थी 'स्वार्थी माणसं उदार आठवतात' असा निष्कर्ष काढेल, आणि तो फक्त तळाचा परिणाम असेल.

दुसरा खड्डा याहून फसवा आहे. बहुतेक जण दोन आकडे काढतात:

तूट = न्याय्य माप − खरं देणं
चूक = आठवलेलं − खरं देणं

आणि या दोघांचा सहसंबंध (एक वाढला की दुसरा वाढतो का) बघतात. दोन्ही वजाबाक्यांत 'खरं देणं' आहे. ते कमी असलं की तूटही वाढते आणि तळामुळे चूकही वर जाते. सहसंबंध येणारच.

उपाय तीन. पहिला: वजाबाक्या सोडा. 'आठवलेलं' हे परिणामचल (ज्याचं कारण शोधायचं तो आकडा) ठेवा, 'खरं देणं' आणि 'न्याय्य माप' दोन्ही एकाच समाश्रयणात (रिग्रेशन) घाला. खरं देणं तेवढंच असताना मोठं माप असलेला माणूस जास्त आठवतो का, हा खरा प्रश्न आहे. दुसरा: १० ते ४० टक्के देणाऱ्यांवर वेगळं विश्लेषण करून दाखवा, तिथे तळही नाही आणि अर्ध्याची भिंतही नाही. तिसरा आणि सर्वांत भक्कम उपाय म्हणजे जोडीचा तुलनागट. तो 'तिसरा तास' यांनी समजवावा, त्यांचा हात त्यात बसलेला आहे.

तिसरा तास

लिहिते. थोडं लांबेल.

रकमा. सगळ्यात सामान्य चूक म्हणजे प्रत्येक वेळी ₹१०० देणं. शंभरातले पन्नास किंवा वीस कोण विसरेल? आठवण शंभर टक्के बरोबर येते आणि मोजायला काही उरत नाही. रकमा ओबडधोबड हव्यात आणि डाव एकाहून जास्त हवेत. उदाहरणार्थ पाच डाव: ₹८३, ₹११७, ₹९४, ₹१३६, ₹१०९. पाचही डावांचे पैसे देण्याची गरज नाही. शेवटी प्रत्येकाची एक चिठ्ठी काढून त्याच डावाचे पैसे खरोखर द्यायचे. सरासरी डाव ₹१०७.८० चा, म्हणजे १०० निर्णय घेणाऱ्यांमागे साधारण ₹१०,८००. ही रक्कम देणारा आणि घेणारा यांच्यात मिळून आहे, हे विसरून दुप्पट अंदाजपत्रक केलेलं पाहायला मिळतं. आठवणीचं बक्षीस वेगळं: चिठ्ठीने निवडलेल्या एका डावाची रक्कम ₹२ च्या फरकात सांगितली तर ₹५०. जास्तीत जास्त ₹५,०००. खोट्या पैशांवर किंवा 'समजा तुमच्याकडे शंभर रुपये आहेत' असं म्हणून हा प्रयोग करू नये. समजा म्हटलेल्या पैशांत कमी दिल्याची टोचणी लागत नाही, आणि टोचणीशिवाय हा परिणाम नाही.

पाकीट. निर्णय कागदावर पेनाने लिहून, सांकेतिक क्रमांकाच्या पाकिटात घालून, लगेच पेटीत टाकायचा. कागद बाकावर राहिला तर आठवण तपासली जात नाही, वाचन तपासलं जातं. नाव कुठेही नको. क्रमांकाचं कार्ड प्रत्येकाकडे राहतं, पैसे त्यावरच मिळतात. मोबाइलवर करणार असाल तर सरकपट्टीचा (स्लायडर) ठोकळा सुरुवातीला कुठेही ठेवू नका. मधोमध असला तर सगळी उत्तरं मधे ओढली जातात, आणि आठवताना पुन्हा मधोमध असला तर तीच ओढ उदारपणा म्हणून मोजली जाते. ही चूक फार महागात पडते.

समज तपासणे. डाव सुरू करण्याआधी तीन प्रश्न: किती द्यायचं हे कोण ठरवतं, समोरचा नाकारू शकतो का, पैसे खरे आहेत का. दोनदा चुकणाऱ्याचा विदा (डेटा) वगळायचा, आणि हा नियम विदा येण्याआधी लिहून ठेवायचा.

मधला वेळ. २० ते ३० मिनिटं, अंकगणित किंवा शब्दकोड्यासारखं लक्ष खाणारं काम. पुढे आठवण विचारली जाणार हे आधी अजिबात सांगायचं नाही, नाहीतर लोक रकमा घोकतात. दुसऱ्या दिवशी बोलावलं तर परिणाम मोठा दिसण्याची शक्यता असते, पण गळती होते. आणि कोण गळलं याला काही कारण असू शकतं, म्हणून गळालेल्यांचं खरं देणं परत आलेल्यांशी ताडून पाहायचं.

आठवणीचा प्रश्न. ज्या एककात निर्णय घेतला त्याच एककात विचारा. 'डाव ३ मध्ये तुमच्याकडे ₹९४ होते. त्यातले किती रुपये दिलेत?' रुपयांत देऊन टक्क्यांत विचारलं तर भागाकाराची चूक आठवणीच्या चुकीत मिसळते.

आता जोडीचा गट. चिठ्ठ्या टाकून अर्धी माणसं सकाळच्या, अर्धी दुपारच्या सत्रात घ्यायची. ज्याला जी वेळ सोयीची ती देऊ नका, मग दोन गट मुळातच वेगळे होतात. सकाळचे स्वतः ठरवतात. दुपारच्या प्रत्येकाला सकाळच्या एका माणसाच्याच रकमा पाकिटात लिहून मिळतात: 'या डावात ₹१८ द्या.' तो तेच लिहितो, पैसे तसेच वाटले जातात, आठवण तशीच विचारली जाते, बक्षीस तेच. आता तळाचा परिणाम दोन्हीकडे सारखा आहे, धूसरपणा सारखा आहे. फरक फक्त 'हे मी ठरवलं' याचा. सकाळच्यांची आठवण दुपारच्यांपेक्षा वर गेली, आणि तीही ज्यांच्या मापाहून देणं कमी होतं त्यांच्यात, तरच काहीतरी सापडलं म्हणा. सकाळची मंडळी दुपारच्यांना जेवणाच्या सुट्टीत भेटणार नाहीत याची व्यवस्था करा.

माणसं किती? साठच्या वर्गात हे होत नाही. ०.३ चा सहसंबंध ८० टक्के खात्रीने पकडायला ८५ माणसं लागतात, ०.२ चा पकडायला १९४. दोन गटांमधला फरक प्रमाण विचलनाच्या (आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत त्याचं माप) अर्ध्याइतका असेल तर प्रत्येकी ६४; ०.३ इतकाच असेल तर प्रत्येकी साधारण १७५. तीन-चार महाविद्यालयांनी मिळून एकच आराखडा वापरावा हेच शहाणपणाचं. साठ माणसांवर काही निघालं नाही तर 'परिणाम नाही' असं लिहू नका, आणि काही निघालं तरी फार विश्वास ठेवू नका.

मृद्गंध

'न्याय्य माप' कधी विचारायचं? आधी विचारलं तर माणूस सावध होऊन जास्त देईल ना?

तिसरा तास

हो, आणि निर्णयानंतर लगेच विचारलं तर उलटं होतं. १५ टक्के देऊन बसलेला माणूस 'न्याय्य म्हणजे साधारण १५' असं लिहितो. माप दिलेल्याशी जुळवून घेतलं की तूटच नाहीशी होते, आणि ज्यांना शोधायचं तीच माणसं यादीतून निसटतात.

माझं मत: आठवडाभर आधी एका लांब प्रश्नावलीत हा प्रश्न दडवावा. वीसेक प्रश्न ठेवा: रांगेत घुसणं, सापडलेलं पाकीट, वाढदिवसाची वर्गणी, आणि त्यातच एक, 'अनायासे मिळालेल्या पैशांतला किती वाटा अनोळखी जोडीदाराला देणं न्याय्य?' तेही जमत नसेल तर अर्ध्या लोकांना आधी आणि अर्ध्यांना आठवणीच्या प्रश्नानंतर विचारा, आणि क्रमाचा परिणाम तपासून सांगा. 'बहुतेक लोक काय न्याय्य मानतात' असं विचारू नका. परिणाम समाजाच्या मापाशी नाही, स्वतःच्या मापाशी बांधलेला आहे. या एका शब्दावर प्रयोग उभा आहे.

आणि शेवटी सगळ्यांना बसवून प्रयोग कशाचा होता ते समजावून सांगा. 'तुमची आठवण चुकली' असं एकेकट्याला सांगायचं नाही, गटाचा निकाल सांगायचा. महाविद्यालयाच्या नीतिसमितीकडे आराखडा आधी जाऊ द्या. आठवणीची परीक्षा लपवलेली आहे हे त्यात स्पष्ट लिहा.

शाईपेन

तीन तासांचं व्याख्यान एका प्रतिसादात! वहीत उतरवून घेतलं.

एक भर. २०१६ साली 'अनैतिक कृत्यांच्या आठवणी काळानुसार धूसर होतात' असं नऊ अभ्यासांवरून मांडणारा निबंध आला होता आणि त्याचा खूप गाजावाजा झाला. २०१८ साली मॅथ्यू स्टॅन्ली, ब्रेंडा यांग आणि फेलिपे दे ब्रिगार्ड यांनी त्यातल्या कल्पित प्रसंगांच्या भागाची पुनरावृत्ती केली, तेव्हा असं काहीच आढळलं नाही. 'समजा' वाल्या प्रयोगांविषयी वर जे लिहिलं आहे त्याला हे धरून आहे. दुसऱ्याचं पाप स्वतःचं आहे अशी कल्पना करून त्याची आठवण धूसर होईल, अशी अपेक्षा का धरावी?

कोयनाकाठ

सहमत. पण 'धूसर होणं' आणि 'एका बाजूला सरकणं' हे दोन वेगळे दावे आहेत. पहिल्यात तपशील गळतात, दुसऱ्यात आकडा चढतो. प्रकल्पात कुठला दावा तपासता आहात ते पहिल्या पानावर लिहा.

आकडा चढण्याचं जुनं आणि स्वच्छ उदाहरण हॅरी बारिक आणि सहकाऱ्यांचं आहे, १९९६ चं. ९९ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी शाळेतल्या ३,२२० श्रेणी आठवून लिहिल्या, आणि त्या शाळेच्या दप्तराशी ताडल्या. 'ए' श्रेणी ८९ टक्के वेळा बरोबर आठवली, 'डी' फक्त २९ टक्के वेळा. बहुतेक चुका वरच्या बाजूला. ताडायला दप्तर होतं म्हणून हे कळलं. घरात दप्तर नसतं.

मृद्गंध

घराचा विषय निघालाच आहे तर रॉस आणि सिकोली यांचं १९७९ चं काम यायला हवं. कॅनडातली ३७ विवाहित जोडपी. नाश्ता बनवणं, भांडी, वाणसामान, मुलं सांभाळणं अशी २० कामं. प्रत्येक कामासाठी १५० मिलिमीटरची एक रेघ, एका टोकाला 'सगळं मी', दुसऱ्या टोकाला 'सगळं जोडीदार'. दोघांनी वेगवेगळं बसून खूण करायची. दोघांचे वाटे मिळून १५० व्हायला हवेत. ३७ पैकी २७ जोडप्यांची बेरीज १५० च्या वर गेली, आणि २० पैकी १६ कामांत हे दिसलं.

पण याला स्वार्थी आठवण म्हणण्याची घाई करू नये. क्रूगर आणि गिलोविच यांनी १९९९ साली दाखवलं की जोडपी वाईट गोष्टींतही स्वतःचा वाटा जास्त सांगतात: भांडण सुरू करणं, घर अस्ताव्यस्त ठेवणं. मात्र जोडीदाराबद्दलचा अंदाज वेगळा असतो: 'चांगल्याचं श्रेय तो घेईल, वाईटाचं माझ्यावर ढकलेल.' म्हणजे वाढीव दाव्याचं बरंचसं कारण साधं आहे. आपण केलेलं आपल्या डोळ्यांसमोर होतं, दुसऱ्याने केलेलं आपण पाहिलंच नाही. सकाळी साडेपाचला उठून कोणी पाणी भरलं हे सात वाजता उठणाऱ्याच्या आठवणीत कुठून येणार?

घरी करून पाहायचं असेल तर रेघ आखून मिलिमीटरमध्येच करा, टक्के विचारले की सोयीचे ५० लिहिले जाण्याची शक्यता असते. आणि कामं फोडून लिहा. 'स्वयंपाक' एकच ओळ ठेवली तर निकाल निरुपयोगी. भाजी आणणं, निवडणं, दळण आणणं, कणीक मळणं, रात्री डाळ भिजत घालणं, विरजण लावणं, ओटा आवरणं, सिलिंडर संपत आला हे लक्षात ठेवणं, नोंदवणं. शेवटच्या दोन ओळी वेगळ्याच हव्यात. लक्षात ठेवणं हे काम कोणाला दिसत नाही.

वजाबाकी

मृद्गंध यांच्या मुद्द्याला मोठ्या प्रमाणावरचं मोजमाप जोडतो. भारताच्या सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळवापर सर्वेक्षणात 'तुम्ही रोज किती काम करता?' असा प्रश्न नव्हता. आदल्या दिवशीच्या पहाटे ४ पासून त्या दिवशीच्या पहाटे ४ पर्यंत, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या खणांत काय केलं ते भरून घेतलं. सरासरी विचारली की माणूस स्वतःविषयीचं मत सांगतो. कालचा सव्वासातचा अर्धा तास विचारला की तुलनेने घटना सांगतो.

त्यातून निघालं ते असं: बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला २९९ मिनिटं, पुरुष ९७. हे आकडे काम केलेल्यांचीच सरासरी आहेत, आणि त्या दिवशी घरकाम केलेले पुरुष होते २६.१ टक्के, स्त्रिया ८१.२. सगळ्यांवर वाटलं तर २४३ मिनिटं आणि २५ मिनिटं. बातम्यांत ९७ चा आकडा पुरुषांची सरासरी म्हणून छापला जातो, ते चूक आहे. घरी नोंद ठेवणाऱ्यांनीही हाच घोटाळा टाळावा: 'ज्या दिवशी केलं त्या दिवशी तासभर' आणि 'रोज तासभर' यांत चौपट फरक पडू शकतो.

रोजकीर्द

भावंडांतल्या वाटणीवर लिहितो: आई-वडिलांचं आजारपण, दवाखाना, औषधं. इथे दोन्ही चुका एकत्र येतात. दुसऱ्याने केलेलं दिसलेलं नसतं, आणि आपण ठरवलं होतं त्याहून कमी केलं असेल तर ती आठवण वर सरकते. श्रोडर, कारुसो आणि एपली यांनी २०१६ साली दाखवलं की माणसं जितकी जास्त, तितकी दाव्यांची बेरीज शंभराच्या वर जास्त जाते. चार भावंडांनी प्रामाणिकपणे प्रत्येकी ४० टक्के म्हटलं की झाले १६०. यात कोणीही खोटं बोललेलं नसतं.

यावर जुन्या पेढ्यांची रीत लागू पडते: रोजकीर्द (रोजच्या व्यवहारांची नोंद) त्याच दिवशी, खतावणी (ज्याच्या-त्याच्या नावावर मांडणी) नंतर. आठवड्याने बसून लिहिलेली कीर्द ही कीर्द नाही, ती आठवण आहे. वहीचे रकाने असे ठेवा: तारीख, कोणी, काय, रुपये, तास किंवा रात्री, पावती आहे का, आणि 'कोणी ठरवलं'. शेवटचा रकाना सहसा कोणी ठेवत नाही, पण वर कोयनाकाठ यांनी जे लिहिलं त्यानुसार तोच कळीचा. सांगितलं म्हणून दिलेले ₹५,००० सगळ्यांना सारखे आठवतात. आपण होऊन 'आत्ता एवढंच जमेल' म्हणून दिलेले ₹५,००० पुढे ₹८,००० होतात.

पैसे आणि वेळ यांची बेरीज करू नका. दवाखान्यातली रात्र रुपयांत मोडायची कशी यावरच भांडण होतं. दोन वेगळ्या बेरजा ठेवा. वेळ तीन एककांतच लिहा: फेरी, अर्धा दिवस, रात्र. मिनिटं लिहायला लागलं की तिसऱ्या आठवड्यात वही बंद पडते. परगावी किंवा परदेशी असलेल्याच्या नोंदी त्यानेच लिहाव्यात, इथल्याने त्याच्या वतीने नाही. डॉक्टरांशी रात्री केलेला फोन, विम्याचे कागद भरणं हेही लिहावं. लांबून केलेलं काम जवळच्यांना दिसत नाही.

वही सामायिक पत्रकात असली तर जुनी ओळ बदलू द्यायची नाही. चूक झाली तर नवी ओळ, 'अमुक तारखेची दुरुस्ती' म्हणून. खाडाखोड झालेल्या वहीवर कोणी विश्वास ठेवत नाही. आणि सुरुवातीलाच, पहिल्या बिलाच्या आधी, प्रत्येकाने आपला न्याय्य वाटा किती ते लिहून ठेवावं. नंतर लिहिलेलं माप दिलेल्याशी जुळवून घेतलेलं असतं, हे प्रयोगशाळेत खरं आणि घरातही.

शाईपेन

कारुसो, एपली आणि बाझरमन यांच्या २००६ च्या कामातला इशारा इथे लागू होतो असं वाटतं. गटातल्या प्रत्येकाचं योगदान वेगवेगळं आठवायला लावलं की स्वतःचा वाढीव दावा कमी होतो. पण ज्यांनी खरोखर जास्त केलेलं असतं त्यांचं समाधान कमी होतं, आणि पुढे एकत्र काम करायची इच्छाही. वही उघडी ठेवल्यावर ज्या बहिणीने सत्तर टक्के केलं तिला ते आकड्यांत दिसणार. त्याचं काय करायचं?

रोजकीर्द

हा धोका खरा आहे. म्हणून वही रोज सगळ्यांनी बघायची नसते. नोंद रोज, ताळा महिन्यातून एकदा, आणि ताळ्याच्या दिवशी पुढच्या महिन्याची वाटणी बदलायची. नुसता आकडा दाखवून वाटणी तशीच ठेवली तर वही नसलेली बरी. तिच्या सत्तरचे पंचावन्न कसे करायचे हा त्या बैठकीचा पहिला विषय असावा, मागच्या महिन्याचा हिशोब दुसरा.

मृद्गंध

आणि जिथे वही कधीच नव्हती? दोन-तीन वर्षं उलटून गेल्यावर वाद निघतो, तेव्हा?

रोजकीर्द

क्रम महत्त्वाचा. आधी पुरावा उघडला तर प्रत्येक जण त्यातली आपल्या बाजूची पानं शोधतो. म्हणून आधी प्रत्येकाने वेगळं बसून दोन कागद लिहावेत. पहिल्यावर इतरांनी काय काय केलं, नावानिशी, किमान पाच ओळी प्रत्येकी. तो पूर्ण झाल्यावरच दुसऱ्यावर स्वतःचं. दोन्ही पाकिटात बंद.

मग पुरावा: बँकेचं स्टेटमेंट, यूपीआयचा इतिहास, दवाखान्याची आणि औषधांची बिलं, रेल्वे-बसची तिकिटं, कार्यालयातली रजेची नोंद, फोनमधल्या फोटोंच्या तारखा. महिन्यावार लावा. रोख दिलेले पैसे सर्वांत जास्त वादाचे असतात. त्यांच्यासाठी एटीएममधून काढल्याची तारीख दवाखान्याच्या पावतीच्या तारखेशी जुळते का ते पाहा. फरक दोन दिवसांचा चालेल, दोन आठवड्यांचा नाही.

मग पाकिटं उघडा. जे एकाने स्वतःबद्दल लिहिलं आणि दुसऱ्यानेही त्याच्याबद्दल लिहिलं, ते पावती नसली तरी धरा. दुसऱ्याने आपण होऊन लिहिलेली ओळ स्वतःच्या ओळीपेक्षा वजनदार. जे फक्त स्वतःच्याच कागदावर आहे आणि पुराव्यात नाही, त्याची सरासरी काढू नका आणि अर्धं-अर्धंही करू नका. तडजोडीचा तो आकडा पुढच्या वर्षी दोघांनाही खरा म्हणून आठवतो. ती ओळ 'न जुळलेली' असा शेरा मारून, सगळ्यांच्या सह्यांनी, शिल्लक ओढतात तशी नव्या वहीच्या पहिल्या पानावर पुढे ओढायची.